खोल पाण्यातली बाटली

भर समुद्रात होडी थांबली की आमच्या होडीचे प्रमुख, तांडेल शंकरभाऊ, एक काम न चुकता करतात. पिण्याच्या पाण्याची भरलेली बाटली शिशाच्या वजनाला बांधून लांब दोरीने खोल सोडतात. वर समुद्र अंघोळीच्या पाण्यासारखा कोमट. पण दुपारी वर ओढलेली बाटली इतकी गार, की दात शिवशिवतात.

“डिझेल परत वाढलं,” बाटली माझ्या हातात देत ते म्हणाले. “तिकडे दोन देश भांडतात आणि इकडे आमच्या होड्या बंदरात बसून राहतात.”

मी बाटली गालाला लावली. वरची ऊब आणि खालचा गारवा, एवढ्या फरकावर वीज तयार होते: वरच्या कोमट पाण्याने चटकन उकळणाऱ्या द्रवाची वाफ करायची, तिने जनित्र फिरवायचं आणि खालच्या गार पाण्याने ती परत निववायची. त्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढता येतो, त्यावर इंजिन चालतं. खर्च मोठा आहे, वेळ लागेल, मान्य. पण हा फरक परदेशातून मागवावा लागत नाही, आणि कुणाची मर्जी फिरली म्हणून तो बंदही होत नाही.

हे सांगितल्यावर शंकरभाऊ हसतील असं वाटलं होतं. त्यांनी डिझेलच्या टाकीवर थाप मारली आणि म्हणाले, “मग ही काढून टाकू. तेवढ्या जागेत मासळीला जास्तीचा बर्फ मावेल.”