गुड मॉर्निंगची फुलं

मंडळी, आज दुपारचा एक कॉल अजून मनातून जात नाहीये.

मी सोलापुरात मोबाईलच्या हेल्पलाइनवर काम करते. कुंभारीहून विड्या वळणाऱ्या एका मावशींचा फोन आला. मोबाईल भरल्यामुळे त्यांना सकाळपासून एकही फोटो येत नव्हता. त्यांच्या परवानगीने मी त्यांची स्क्रीन माझ्या कॉम्प्युटरवर उघडली, तर जिकडेतिकडे गुड मॉर्निंगची फुलं!

“मावशी, ही फुलं काढून टाकू का?”

“नगं गं बाई! लेक पाठवती सुरतेहून. सासरी तिला मोकळं बोलता येत न्हाय. फूल आलं की मला कळतं, पोरगी बरी हाय. आज आलंच न्हाय बघ.”

मग आम्ही दोघींनी मिळून त्यांच्या मुलाने भरून ठेवलेले पिक्चर पुसले. थोड्या वेळाने मेसेजची घंटी वाजली आणि स्क्रीनवर एक पिवळा गुलाब उघडला.

“आली गं, माझी लेक आली,” मावशी म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

पुढचा कॉल घ्यायला मला थोडा वेळ लागला. आई गेल्यापासून मला सकाळी कुणी फूल पाठवत नाही.

तुम्हाला अजून कोणी पाठवतं का हो?