शशीताईच्या मशीनची सुट्टी

आमची शशीताई गेली. सगळे फोनवर विचारतात, कशी होती ग ती? कशी होती म्हणून काय सांगू, तिची एक गोष्टच सांगते.

ताई इंग्लंडात रश्डनला राहायची. लहानसं गाव, पण एकेकाळी तिथे गल्लीगल्लीत बुटांचे कारखाने होते म्हणे. आता बऱ्याचशांचे फ्लॅट झालेत. एक छोटा उरलाय, त्यात ताई होती, क्लोजिंग रूममध्ये. म्हणजे बुटाचा वरचा चामड्याचा भाग शिवतात ना, तिथे. भावोजी शेजारच्या केटरिंग गावी हॉस्पिटलात कामाला, आणि ही लग्न होऊन आली ती थेट मशीनवरच बसली. सासूबाई पुण्याहून ओरडायच्या, "चामड्याला हात लावतेस, मग देवाला कशी लावतेस?" ताई म्हणायची, "इकडे साबण मिळतो हो आई."

शिवण तर अशी, की बूट उलटा करून बघा, आतूनही तेवढीच सुरेख.

दर खंडेनवमीला ती आपलं मशीन पुसायची, हळदकुंकू वाहायची, टेस्को सुपरमार्केटातली पिवळी फुलं ठेवायची. त्या दिवशी मशीन चालू नाही करायची. धागे कापेल, बकलं लावेल, पण मशीनला सुट्टी म्हणजे सुट्टी. सगळ्यांना माहीत होतं.

मागच्या वर्षी नेमकी त्याच दिवशी जपानची ऑर्डर जायची होती. नवीन मॅनेजर क्रेग सांगून गेला, की दुपारी व्हॅन येणार, आणि ही ऑर्डर चुकली तर मालक शिवायचं काम बाहेर देणार. म्हणजे क्लोजिंग रूम बंदच. आणि टाचेकडची शेवटची शिवण फक्त ताईच्याच मशीनवर व्हायची.

शेजारच्या मशीनवर ब्रेंडा. तिची आई याच खोलीत शिवायची, आजीपण. ती ताईजवळ आली.

"शशी, तुझा सण आहे ना आज? मी बोलते क्रेगशी."

"काय बोलशील?"

ताईच्या बोटाला कुंकू तसंच. मग ताईच म्हणाली, "देवी समजून घेईल ग. व्हॅनवाला नाही घेणार."

मशीनला कुंकू लावलं, हात जोडले. "आज जरा चल बाबा, उद्या झोप." आणि दाबलं पेडल. जेवायलाही उठली नाही. व्हॅन आली, खोके भरून गेलीसुद्धा.

क्रेग खूश. "ब्रिलियंट, लेडीज!"

"ब्रिलियंट राहू दे," ताई म्हणाली. "उद्या हे मशीन कोणी चालू करायचं नाही."

"उद्या कशाला?"

"आजची त्याची सुट्टी मी खाल्ली म्हणून."

त्याने डोकं खाजवलं, म्हणाला बरं.

दुसऱ्या दिवशी ताई पोचते तर काय, ब्रेंडा आधीच हजर. आपल्या गार्डनमधली डेलिया आणून एकेका मशीनवर ठेवलेली, आणि ताईच्या डबीतलं कुंकू सगळ्यांना लावलेलं. ताईच्या मशीनला तर खाली पेडललाच थापलं होतं.

"अगं ब्रेंडा, तिथे पाय ठेवतात!"

"मग? सगळ्यात जास्त काम पेडलच करतं ना?"

ताई हसत सुटली. पुसायला फडकं घेतलं होतं, ते परत ठेवलं.

पण मग शिवायचं कसं? कुंकवावर बूट कसा ठेवणार? काम सुरू झालं त्या दिवशी ताईने उजव्या पायातला बूट काढून बाजूला ठेवला आणि मोजा घातलेल्या पायाने पेडल दाबायला लागली. बुटाच्या कारखान्यात, एका पायात बूट नाही!

क्रेग धावत आला. "शशी, शूज! हेल्थ अँड सेफ्टी!"

"ओरडू नकोस रे," ताई म्हणाली, मान वर न करता. "जपानने आणखी बूट मागवलेत ना? मग शिवू दे."