नरसय्याच्या हातची जाळी

सकाळचे नऊ वाजले असतील. मी अकलूजला एका मंगल कार्यालयाचा स्पीकर उघडून बसलो होतो. हात धुळीनं माखलेले, मोबाइल शर्टाच्या खिशात वाजतोय आणि मी मनात म्हणतोय, वाजू दे. तीनदा वाजून गप्प झाला. चौथ्यांदा बघितलं तर नरसय्याच्या घरून, लक्ष्मीवहिनी. "भाऊजी, ते उठंनात," एवढंच म्हणाल्या. मी आपला नेहमीसारखा घाई करून बोलायला लागलो, तोंडावर पाणी मारा, मी डॉक्टरांना फोन लावतो... त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं आणि मग हळूच म्हणाल्या, "डॉक्टर येऊन गेले." फोन ठेवल्यावर मी त्या स्पीकरचे आठच्या आठ स्क्रू एकेक करून बसवले आणि मगच उठलो. का बसवले ते मला आजही सांगता यायचं नाही. मग सोलापूरची एस.टी. धरली.

त्याला आता सहा आठवडे झाले. नरसय्या कोण होता हे सोलापुरात फारसं कुणाला ठाऊक नाही, त्याच्या गल्लीतसुद्धा नाही. पूर्व भागातलं तेलुगू विणकरांचं घर. आजा हातमागावर, बाप यंत्रमागावर, आणि हा बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करणारा फिटर. घरातच पुढच्या खोलीत धातू कातायचा एक लेथ टाकलेला. मी केमकडचा, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला. मेंढरांमागं जाण्यापेक्षा रेडिओ उघडून बघण्यात जीव रमायचा म्हणून शहरात आलो आणि माइक, ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान टाकलं. आमची ओळख एका पानाच्या टपरीवर भांडणातून झाली, कशावरून ते दोघांनाही पुढं आठवलं नाही. मी तोंडाळ माणूस, मनात आलं की ओठावर. तो चार वाक्यं ऐकून एक बोलणार. आमचं जमलं कसं, हे वहिनींनाही कोडंच होतं.

एकदा पुण्याचा एक स्टुडिओवाला माझ्याकडं जुना परदेशी माइक घेऊन आला. आतलं सगळं ठणठणीत, पण वरचं कवच चेपून पार गेलेलं. तसं कवच आता कुणी बनवत नाही, आणि त्याला तर हुबेहूब तसंच पाहिजे. मी तो नरसय्याकडं नेला. त्यानं माइक हातात घेऊन कितीतरी वेळ फिरवून बघितला. पितळेच्या नळीकडं त्याचं लक्षच नव्हतं, ती तो लेथवर सहज काढू शकत होता. वरच्या जाळीवर नख फिरवत म्हणाला, "ही कुणी विणली?" मी म्हणालो, विणायचं काय त्यात, जाळी आहे ती, विकत मिळते. "विणल्याबिगर जाळी होती का बे?" तो म्हणाला.

आठ दिवसांत त्यानं वीतभर रुंदीचा लाकडी माग तयार केला, पितळेची केसासारखी बारीक तार आणली आणि बसला. पहिल्या जाळीची मात्र फजिती झाली. सुती ताण्याला खळ लावल्याशिवाय माग चालवायचा नाही ही घरची सवय, म्हणून ह्या पठ्ठ्यानं उभ्या तारांनाही खळ लावली. जाळी विणून झाली तेव्हा निम्मी भोकं बुजलेली. वहिनींच्या भाताच्या पातेल्यात ती उकळून काढली, आणि वहिनी तेलुगूत जे काही बोलल्या त्याचा अर्थ मी विचारला नाही. दुसरी जाळी मात्र अशी उतरली की स्टुडिओवाला जुनी आणि नवी शेजारी ठेवून बघतच राहिला. तिथून आमचं काम सुरू झालं. कवच नरसय्याचं, आतली जोडणी माझी. पुणे, मुंबई, चेन्नई, कुठून कुठून मागणी यायची. ज्या माइकवर कोण कुठं गात होतं, त्याचं डोकं आमच्या पूर्व भागात विणलेलं असायचं, ह्याचा मला भलता अभिमान. त्याला नव्हता. त्याला फक्त उभी तार आणि आडवी तार सरळ आली की बरं वाटायचं.

गेल्या वर्षी त्याचा हात हलायला लागला. चहाचा कप उचलताना कळायचं नाही, पण तारेवर ते दडत नाही. जाळीची घरं एकीकडं पसरट, एकीकडं आवळलेली यायला लागली. मला पहिल्याच जाळीत दिसलं. तोही निरखून बघायचा आणि म्हणायचा, "चष्म्याचा नंबर वाढला वाटतं." आणि मी, आयुष्यात कुणाचं काही मनात न ठेवणारा माणूस, ह्या वेळी गप्प बसलो. मला वाटलं, कशाला त्याच्या जिवाला लावायचं. मुंबईहून यंत्रावर विणलेल्या जाळीचा एक रोल मागवला. माइकच्या डोक्यात जाळी एका कड्यात अडकवलेली असते, चार बारीक स्क्रू काढले की सुटते. त्याच्याकडून कवच आलं की मी दुकानात त्याची जाळी काढायचो, रोलमधली कापून बसवायचो, आणि त्याची बिस्किटाच्या डब्यात ठेवायचो. टाकायला हात धजायचा नाही. दिवाळीपासून असे नऊ माइक गेले. तो विचारायचा, "काय म्हणतंय गिऱ्हाईक?" मी सांगायचो, "खूश हाय की." गिऱ्हाईक खरंच खूश होतं.

त्यातला एक माइक स्टँडवरून पडला आणि परत आला. मी नेमका दोन दिवस माळशिरसला कामाला गेलेलो, म्हणून पार्सल थेट त्याच्या घरी गेलं. पोचा काढायचा म्हणजे डोकं उघडायलाच पाहिजे. मी गेलो तेव्हा पोचा निघालेला होता, कवच पुसून टॉवेलवर ठेवलं होतं.

"म्हाळू," तो म्हणाला, "ही जाळी माझी न्हाय."

मी कवच हातात घेतलं आणि परत टॉवेलवर ठेवलं.

"कवापासनं?"

"दिवाळीपासून."

"किती?"

"नऊ."

त्यानं मान हलवली. मला वाटलं होतं तो ओरडेल, उठवेल मला तिथून. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. "बरं केलंस," तो म्हणाला, "वाकडा माल कशाला द्यायचा गिऱ्हाईकाला." आणि वहिनींना माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. मी चहा प्यालो. माळशिरसच्या रस्त्यांबद्दल काहीबाही बडबडलो आणि घरी आलो.

त्यानंतर तो मागावर बसला नाही. पितळ कातायचा, घासायचा, आणि जाळीची वेळ आली की निरोप पाठवायचा, रोल आण. कधी एका शब्दानं टोचलं नाही. पण दुपारी गेलो की दारात बसलेला दिसायचा, हात मांडीवर, रिकामे. इतक्या वर्षांत त्याचे हात रिकामे मी कधी बघितले नव्हते. असे तीन महिने गेले आणि ती सकाळ आली. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, झोपेत, त्रास झाला नसेल. असेल तसं. मी म्हणत नाही की जाळीमुळं गेला. पण ते तीन महिने त्याला मी दिले, हे माझ्या मनातून जात नाही... जाणारही नाही.

गेल्या रविवारी तो डबा घेऊन वहिनींकडं गेलो. सगळं सांगून टाकलं, पहिल्या जाळीपासून. त्या खाली बघत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला म्हाईत हाय भाऊजी. त्याच दिवशी बोलले होते."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, म्हाळू एवढा बोलतो, एवढं एक त्याला बोलता आलं न्हाय."

मला वर बघवेना. वहिनींनी डब्यातल्या जाळ्या एकेक करून बाहेर काढल्या, पदरानं पुसल्या, चटईवर मांडल्या. त्यातली सगळ्यात वाकडी हातात धरून त्यांनी साधंच विचारलं, "हिच्यातनं आवाज बिघडतो व्हय?"

मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं आवाजावर पोट भरणारा मी, नऊच्या नऊ जाळ्या नुसत्या डोळ्यांनी बघून डब्यात टाकल्या होत्या. एकही माइकवर चढवून कानानं ऐकली नव्हती.

दुकानात जाऊन एक जोडलेला माइक घेऊन आलो. पुढच्या खोलीतच मांडला, लेथ आणि मागाच्या मधल्या जागेत. मागावरचं कापड बाजूला केलं तर अर्धी विणलेली जाळी तशीच ताणलेली होती. आधी रोलची जाळी लावली, मी हेडफोन घातला आणि वहिनींना म्हणालो, काहीही बोला. त्या तेलुगूत दोन वाक्यं बोलल्या, मला त्यात नरसय्याचं नाव तेवढं कळलं. मग जाळी बदलली, सगळ्यात वाकडी लावली. त्या तेच पुन्हा बोलल्या. मी डोळे मिटून ऐकलं, पुन्हा बोलायला लावलं, पुन्हा ऐकलं. काडीचाही फरक नव्हता.

"मला ऐकू द्या," वहिनी म्हणाल्या. मी हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला आणि माइकसमोर जाऊन उभा राहिलो. त्या वाट बघत होत्या. आता काय बोलायचं ते मला पक्कं ठाऊक होतं.

"नरसय्या," मी म्हणालो, "तुझी तार हलायला लागलीय रे... पण आवाज चांगला येतोय. तू विणत राहा."

वहिनींनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. ती वाकडी जाळी मी माइकवरून काढली नाही.