सगळ्यांचा फळा

लग्न होऊन वहिनी आमच्या घरी आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आईने निकाल देऊन टाकला, "या मुलीच्या पायाला भिंगरी आहे." भाऊ तिला 'धांदल' म्हणायला लागला आणि ते नाव असं चिकटलं, की आता फोन उचलून तीच "धांदल बोलतेय" म्हणते. मी वयाने मोठी नणंद, त्यामुळे तिला बोलायचा मला हक्क आहे आणि तो मी भरपूर वापरते. पण तिच्याबद्दल बाहेरच्या कोणी वावगं बोललं, तर त्याची माझ्याशी गाठ आहे.

आम्ही दोघी एकाच विद्यापीठात. मी रसायनशास्त्र शिकवते आणि ती शिकवणाऱ्यांना शिकवते. म्हणजे प्राध्यापकांसाठी कार्यशाळा घेते. संशोधनाचे संदर्भ संगणकावर कसे जमवायचे, तासाचं रेकॉर्डिंग कसं करायचं, एकाच मजकुरात दहा जणांनी मिळून कसं लिहायचं, असले विषय. ऐकायला सोपं वाटतं. पण जगातला सर्वांत उनाड वर्ग बघायचा असेल, तर प्राध्यापकांचा बघावा. मागच्या बाकासाठी धावतात, शेजाऱ्याचं बघून लिहितात, चहाला म्हणून जातात ते जेवूनच येतात, आणि पासवर्ड विसरले की तो वहिनीनेच पळवल्यासारखे तिच्याकडे डोळे वटारतात. मीही त्यांच्यातलीच, खोटं कशाला सांगू?

वहिनीचीही एक खोड आहे. कोणी जरा अडखळलं, की तिचे हात शिवशिवतात. "द्या इकडे, मी करते," म्हणत ती माउस ओढून घेते, टकटक करते, "झालं!" म्हणते आणि पुढच्या बाकाकडे पळते. माणूस खूश होतो, काम झालेलं असतं आणि शिकण्याच्या नावाने शून्य. दुसऱ्या दिवशी तोच माणूस तोच प्रश्न घेऊन हजर.

यंदाच्या कार्यशाळेत भूगोलाचे सर आले. वहिनी कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकलेली. त्यांचं शिकवणं म्हणजे आवाज होता. नदी वळण कशी घेते हे ते सांगायचे, तेव्हा जिन्यात उभी असलेली दुसऱ्या विषयांची मुलंसुद्धा ऐकत थांबायची, असं ती आजही कोणालाही सांगत असते. त्या सरांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. कुजबुजायचंही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुढे काही उपाय करून बघू, असंही म्हणाले होते. निवृत्तीला अजून काही वर्षं बाकी होती. विभागप्रमुख बाईंनी गोड शब्दांत सांगून टाकलं, नवं सत्र सुरू व्हायच्या आत एक तास घेऊन दाखवा. जमलं तर वर्ग तुमचा, नाहीतर ऑफिसचं काम बघा.

"वर्ग काढून घेतला तर सर खचतील, ताई," वहिनी मला म्हणाली. आमच्या स्वयंपाकघरात ती ओट्यापासून दारापर्यंत येरझारा घालत होती. हातातला चहा गार झाला होता, पण कप खाली ठेवायचंही तिला सुचत नव्हतं.

बेत तिने चांगला आखला होता. सरांनी टाइप करायचं, ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत दिसणार, आणि मुलांनी आपापल्या फोनवरून त्याच मजकुरात खाली प्रश्न लिहायचे. मशीनकडून वाचून घ्यायचीही सोय होती. सरांनी एक वाक्य टाइप केलं, 'वळणाच्या आतल्या काठाला गाळ साचतो.' मशीनमधली बाई वाचायला लागली. 'साचतो'मधला च तिने 'चित्र' शब्दातल्या चसारखा म्हटला. सरांनी डोळे मिटून घेतले. वहिनीने घाईघाईने तो आवाज बंद केला आणि त्याचं पुन्हा नाव काढलं नाही.

त्याच दिवशी आणखी एक गोंधळ झाला. सकाळभर आम्ही सगळ्यांनी मिळून एका मजकुरात लिहिलं होतं. कोणी प्रश्नपत्रिका, कोणी टिपणं, मी माझ्या प्रयोगाची अख्खी रीत. जेवून परत आलो तर पान कोरं. मी तर किंचाळलेच. संख्याशास्त्राचे मास्तर व्हायरस व्हायरस म्हणत संगणकाची वायर उपटायला निघाले. वहिनीने कोणी काय केलं त्याची नोंद उघडून बघितली. सर सर्वांत शेवटी जेवायला उठले होते आणि उठताना त्यांनी सगळा मजकूर निवडून पुसून टाकला होता. सरांनी शांतपणे खिशातून पेन काढलं आणि कागदावर लिहिलं, 'वर्ग सोडताना फळा पुसून जावा. पुढच्याला स्वच्छ मिळतो.'

काय बोलणार! आम्ही सगळे खडूत जन्म घालवलेले, आम्हाला ते कळलं. वहिनीने मजकुराची जुनी प्रत शोधून सगळं परत आणलं. अर्थात "द्या इकडे" म्हणूनच.

नंतर ती रोज सरांसाठी वेगळा वेळ काढायला लागली आणि तिचा जीव खालीवर व्हायला लागला. सर टाइप छान करायचे, मुलांचे प्रश्नही वाचायचे. पण तास संपला असं मनाने घेतलं, की हात आपोआप जायचा आणि सगळं साफ. ते पुसायचे, ही परत आणायची. एका दुपारी मी दारात उभी राहून हा खेळ बघितला आणि माझं डोकं फिरलं. तिला बाहेर बोलावलं.

"तू शिकवत नाहीस, तू करून देतेस," मी म्हटलं. "त्या दिवशी तू काय त्यांच्या मांडीवर बसणार आहेस?"

"तुम्हाला काय जातंय बोलायला! दिवस किती कमी राहिलेत."

"म्हणून तर सांगते. माउसला हात लावू नकोस."

"त्यांना जमत नाही ते मला बघवत नाही, ताई!" ती एवढ्या जोरात म्हणाली, की शेजारच्या वर्गातून दोन डोकी बाहेर आली. मग दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. घरी भाऊ मध्ये बसून "हिला म्हणावं मीठ दे, तिला म्हणावं घे" असले निरोप पोहोचवत होता. पण तिने सरांच्या माउसला हात लावणं सोडलं, हे मला मागाहून कळलं.

दाखवायचा दिवस आला. वर्ग भरला होता. विभागप्रमुख बाई खिडकीशी बसल्या, आम्ही दोघी शेवटच्या बाकावर. वहिनीचा पाय बाकाखाली सारखा हलत होता, बाक हलत होता, आणि बाकाबरोबर मीही. सरांनी सुरुवात केली. भिंतीवर अक्षरं उमटायला लागली. वाक्यं छोटी होती आणि अगदी त्यांचीच होती. 'नदीला घाई नसते. घाई पाण्याला असते.' मुलं हसली. खाली प्रश्न येऊ लागले, एकाखाली एक. एका मुलीने विचारलं, वळण तुटून वेगळं झालं तर त्यातल्या पाण्याचं काय होतं? सरांनी त्याचं तळं कसं बनतं ते लिहिलं, मग हाताने हवेत ते वळण काढून दाखवलं. बाईंच्या कपाळावरची आठी गेली. मी वहिनीला कोपराने ढोसलं.

तेवढ्यात घंटा झाली आणि सरांचा हात गेला. भिंत पांढरी.

"सर, आमचं पण गेलं!" पोरं एकदम ओरडली. बाईंनी पेनाचं टोपण लावलं. वहिनी अर्धी उठली होती. मी तिची बाही धरली आणि ओढून खाली बसवलं. "बस," म्हटलं.

सर भिंतीकडे बघत राहिले. मग खुर्चीत बसले, चष्मा वर ढकलला, आणि बाण पडद्यावर फिरायला लागला. चुकीच्या जागी गेला, परत आला, पुन्हा चुकला. कोणीतरी खिदळलं, त्याला शेजारणीने गप्प केलं. वहिनीने माझा हात इतका घट्ट दाबला, की बांगडी रुतली. शेवटी जुन्या प्रतींची यादी उघडली, सरांनी एक निवडली, आणि त्यांची वाक्यं, मुलांचे प्रश्न, सगळं भिंतीवर परत आलं. त्याखाली त्यांनी लिहिलं, 'हा फळा तुमचाही आहे. पुसण्याआधी विचारायला हवं होतं.'

पोरांनी बाकं बडवली. विभागप्रमुख बाई पुढे आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सर, वर्ग तुमचाच. उगाच काळजी करत होते मी." सरांनी हात जोडले. मग त्यांनी मागे बघून वहिनीला शोधलं, पण माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

ती मला व्हरांड्याच्या टोकाला सापडली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या चालू होत्या.

"अगं, आत सगळे तुला शोधतायत. जमलं की! आता तरी स्वस्थ हो."

ती थांबली नाही. "ताई, जोवर हे जमत नव्हतं ना, तोवर मला वाटायचं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. सर बोलायला लागतील, मग हे सगळं गुंडाळून ठेवू." तिने बाहीने चेहरा पुसला. "डॉक्टरांनी मागच्याच महिन्यात सांगितलंय, आता आवाज परत येणार नाही. सरांनी मला लिहून दाखवलं होतं. मी ते वाचलं आणि पुढचं बटण शिकवायला घेतलं."

मी नुसती तिच्याबरोबर चालायला लागले.

"आता जमलं," ती म्हणाली, आणि चालता चालता रडायला लागली.