डिस्क आधीच गेलेली

मंडळी, आज दुपारी कल्याणला गिऱ्हाइकाच्या हातचा मार खाल्ला. एका हाताने टाइप करतोय, सांभाळून घ्या.

कॉम्प्युटर तपासायच्या प्रोग्रॅमची माझी एकच फ्लॉपी. कुठली तपासणी कशी करायची, ते तिच्यातल्या एका छोट्या फाइलीत लिहिलेलं असतं. काल टेंभी नाक्याला एका कोऱ्या डिस्कसाठी मी तिथे 'सगळं पुसून तपास' असं टाकलेलं. ते बदलायला विसरलो आणि आज तीच फ्लॉपी छापखानेवाल्या सावंतांच्या मशीनमध्ये घातली.

आठ महिन्यांचं कंपोझिंग साफ!

सावंतांनी लोखंडी पट्टीच उचलली. पहिला फटका मनगटावर, दुसरा कपाळावर. डोळ्यात रक्त उतरलं तसं मीही त्यांना कॉलर धरून भिंतीवर आपटलं. "डिस्क आधीच गेलेली ओ तुमची!" मी ओरडलो.

ते थांबले. त्यांना ते खरं वाटलं. "माफ करा हो," म्हणत स्वतःच्या रुमालाने माझं कपाळ बांधलं, चहा मागवला. मी तो प्यायलो.

पाच टाके पडलेत, ते भरतील. उद्या जाऊन खरं सांगणार आहे. ती लोखंडी पट्टी तिथंच टेबलावर असेल.

पण तुम्ही सगळे याच धंद्यातले, म्हणून विचारतो: 'डिस्क आधीच गेलेली' हे वाक्य तुमच्यापैकी किती जणांच्या तोंडात तयार असतं? माझ्या तोंडात पहिला फटका बसायच्या आधीच होतं.