शेडमधली खुर्ची
आंब्याच्या पेटीत घालायच्या पेंढ्याची गासडी सोडली की सुकल्या भाताचा वास येतो आणि मला ती खुर्ची आठवते. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो सगळं उरकून मी आंबे भरायच्या शेडवर परत कामाला गेले, त्या सकाळची गोष्ट. आम्ही बायका जमिनीवर मांडी घालून पेट्या भरतो. खुर्ची फक्त व्यापाऱ्यासाठी. त्या दिवशी आमच्या मुकादम काकीने ती माझ्यासाठी पुसून ठेवली होती. "तू नुसती बस गो," ती म्हणाली. डोक्याचा रुमाल सावरत मी बसले. सगळ्या माझ्याशी हळू आवाजात बोलत होत्या, त्याचाच मला राग येत होता. तेवढ्यात एकीने कच्च्या आंब्यांच्या पेटीत एक तयार, पिकलेला आंबा ठेवला. केमोने बोथट झालेल्या माझ्या नाकालाही तो वासावरून बरोबर कळला. मुंबईला पोचेपर्यंत त्याने सगळी पेटी नासवली असती. मी खाली बसले, पेटी उपसली, तो आंबा बाजूला काढला आणि पेटी नव्याने भरायला घेतली. काकी खेकसली, "एका पेटीला येवढा वेळ? हातखंब्याच्या नाक्यावर ट्रक उभा हाय, तो काय तुझी वाट बघणार हाय?" इतकं गोड मला कित्येक महिन्यांत कोणी बोललं नव्हतं. ती खुर्ची अजून तिथेच आहे. तिच्यावर आम्ही चहाची किटली ठेवतो.