मावशीच्या गालाचा तुकडा

सत्यभामामावशी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी भद्रावतीच्या बसस्टँडवर आमच्या संघटनेची पत्रकं वाटत होतो. गठ्ठा हातातच राहिला... त्याला आता महिना झाला. मावशी गावच्या तळ्यात मासे धरायची आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा खायची. गालात कॅन्सर झाला, नागपूरला अर्धा जबडा काढला आणि दीड वर्षानं कॅन्सर गळ्यात उतरला. तिचं मरण एवढंच. मला सांगायचं आहे ते माझ्या चुकीबद्दल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक संशोधक मुलगी कागद घेऊन आली. काढलेल्या गाठीचा तुकडा तिला अभ्यासाला हवा होता. पेशीत आरएनएचे अगदी छोटे रेणू असतात, ती सांगू लागली. ते स्वतः प्रथिन घडवत नाहीत, पण कोणत्या जनुकाला किती काम करू द्यायचं हे ठरवतात. कॅन्सरमध्ये त्यातले काही बेसुमार वाढतात, काही नाहीसे होतात. नाहीसे झालेले परत देता आले, तर कधीतरी त्याचं औषध होईल. पूर्वी शास्त्रज्ञ त्यांना कचरा समजत.

“आमी बाया तं बारीक झिंगेच धरतो,” मावशी म्हणाली. “मोठ्या मासोळीपायी झिंगे फेकणारे तुमचे मास्तर शायने नाई होते, पोरी.”

मी विचारलं, “मावशीला यातून काय मिळणार?”

“काही नाही,” मुलगी म्हणाली. “खोटं सांगणार नाही.”

मी कागद हिसकावला. मावशीनं तो परत घेतला. “तू माह्या जबड्याचा पुढारी हायेस का रे?” आणि अंगठा उमटवला.

मी गप्प बसलो नाही. ‘गरिबांचं मांस, श्रीमंतांचं औषध’ असं पत्रक काढून सावली गावच्या बाजारात वाटलं. प्रश्न खरा होता, आजही आहे. औषध निघालं तर ते आमच्या वैनगंगेच्या काठापर्यंत येईल का? पण तुकडा मागणारीनं आधी विचारलं होतं, खरं सांगितलं होतं, हे मी पत्रकात घातलं नाही. मावशीच्या शेजारच्या पांडूभाऊंच्या गालात पांढरा चट्टा होता. कुणीतरी वाचून दाखवलेलं पत्रक ऐकून त्यांनी नागपूरच्या तपासणीची तारीख चुकवली. “कापून नेतेत मनते... आपल्याले नाई जायचं.” दवाखान्यात पोचले तोवर चट्ट्याची गाठ झाली होती.

मावशी ओरडली नाही. तिचं बोलणं तेव्हा अस्पष्ट झालं होतं, तरी एवढं नीट कळलं. “माहा तुकडा मी देल्ला. पांडूचा तू घेतला.”

त्यानंतर ती तळ्यावर जाताना दारोदारी थांबायची. पदर बाजूला करून उरलेला चेहरा दाखवायची, “आ कर” म्हणायची, आणि बोटानं समोरच्याचे गाल आतून चाचपायची. “आली डाक्टरीण!” लोक हसत, पण तोंड उघडत. दोघांना तिनं वेळेवर नागपूरला धाडलं.

तेरवीला गावी गेलो. मांडवात माझ्याशी कोणी फारसं बोललं नाही. पांडूभाऊ आले, गालफड बांधलेलं, शेजारी टेकले. खर्ऱ्यानं पिवळ्या पडलेल्या माझ्या दातांकडे त्यांनी पाहिलं. मग माझी हनुवटी धरली.

“आ कर.”

मी तोंड उघडलं.